‘टाइम’चे प्रशस्तिपत्र आणि ‘मूकनायक’चा वारसा

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ने जगातल्या उगवत्या नेतृत्वाची शंभर नावांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत भीम आर्मीचे भाई चंद्रशेखर आझाद यांचे नाव होते. बातमी आली आणि आंबेडकरी तरुणांच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. सहारनपूरच्या चर्मकार घरातल्या मुलाची दखल न्यूयॉर्कमध्ये घेतली गेली याचा आनंद होणे स्वाभाविक आहे आणि त्या आनंदाला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप आहे तो त्या अभिनंदनातल्या एका सुराला. ‘आता तरी जगाने मान्य केले’ असा तो सूर होता.

कोणत्या जगाने? चंद्रशेखर यांना जून २०१७ मध्ये अटक झाली, त्यांच्यावर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावला गेला आणि सप्टेंबर २०१८ पर्यंत ते तुरुंगात राहिले. त्या काळात त्यांच्या सुटकेसाठी रस्त्यावर उतरलेली माणसे जगातच राहत होती. त्यांनी मान्य केले होते ते पुरेसे नव्हते काय? पाटी-पेन्सिल घेऊन भीम पाठशाळेत बसणाऱ्या लेकरांची मान्यता हलकी आणि मॅनहॅटनच्या संपादकाची वजनदार, हे माप आपल्या हातात कोणी दिले?

हा प्रश्न एका नावापुरता नाही. परदेशातल्या कोणत्या मासिकाने, कोणत्या विद्यापीठाने बाबासाहेबांना कितवा क्रमांक दिला याचे फॉरवर्ड आपल्याकडे बारा महिने फिरत असतात. ते खरे की खोटे हे बघण्याआधी आपण पुढे पाठवतो. म्हणून ज्याच्या शिक्क्याची आपल्याला एवढी ओढ आहे तो शिक्का कोणी बनवला, कोणाच्या पैशाने बनवला आणि तो आजवर कोणाच्या कपाळावर कसा मारला गेला, हे एकदा नीट तपासले पाहिजे. या लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत.

१९२३ : एक सुरू झाले, एक बंद पडले

‘टाइम’चा पहिला अंक ३ मार्च १९२३ चा. ब्रिटन हॅडन आणि हेन्री लूस हे येल विद्यापीठातून बाहेर पडलेले दोन तरुण, दोघेही पंचविशीच्या उंबरठ्यावरचे. त्यांनी ८६ हजार डॉलर उभे केले. हा पैसा मुख्यतः येलचे वर्गमित्र, त्यांची श्रीमंत घराणी आणि त्या घराण्यांचे ओळखीचे लोक यांच्याकडून आला. पहिल्या मुखपृष्ठावर अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती जोसेफ कॅनन यांचे चित्र होते. गोऱ्या, सधन, प्रोटेस्टंट घरांतल्या मुलांनी आपल्यासारख्याच वाचकांसाठी काढलेले हे साप्ताहिक होते. दिवसभर कामात गढलेल्या माणसाला जगाची बातमी थोडक्यात, सदरांत वाटून आणि कोणी मोठे डोके न लावता समजावी, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच होती. अमेरिकेत बातम्यांचे साप्ताहिक असे दिसते हे ‘टाइम’ने ठरवले आणि पुढे १९३३ मध्ये निघालेले ‘न्यूजवीक’ही त्याच वाटेने गेले.

आता इकडे बघा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे भरूनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी ते अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. मागे राहिलेल्यांनी पाक्षिक ओढले, पण पैसा नव्हता, वर्गणीदार थोडे होते आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले.

ज्या वर्षी ‘टाइम’ सुरू झाले त्याच वर्षी ‘मूकनायक’ बंद पडले. या योगायोगात आम्ही कोणताही चमत्कार शोधत नाही. आम्हाला त्यात फक्त हिशेब दिसतो. ‘मूकनायक’चा संपादक न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकलेला होता. विद्वत्तेत तो हॅडन-लूसपेक्षा तसूभरही कमी नव्हता, उलट कैक पटींनी पुढे होता. फरक होता तो पाठीशी असलेल्या वर्गाचा. एकाच्या वर्गमित्रांकडे बँका आणि कारखाने होते, दुसऱ्याच्या समाजाकडे महारकी आणि गिरणीतली पाळी होती. वृत्तपत्राचा ‘दर्जा’ म्हणून जे आपल्याला दाखवले जाते त्यात किती भाग बुद्धीचा आणि किती भांडवलाचा, हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थीही सांगू शकेल.

विशेषणात लपलेला मालक

आपण पूर्ण तटस्थ आहोत असा दावा ‘टाइम’ने सुरुवातीला तरी केला नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. १९२२ च्या त्यांच्या माहितीपत्रकात त्यांनी आपले काही पूर्वग्रह सांगून टाकले होते. सरकारने कारभारात फार हस्तक्षेप करू नये आणि सरकारचा खर्च वाढू नये, हे त्यांपैकी होते. लूस तर पुढे उघड म्हणत की वस्तुनिष्ठता वगैरेवर आपला विश्वास नाही. पण पूर्वग्रह एकदा माहितीपत्रकात सांगणे वेगळे आणि दर आठवड्याला बातमीच्या पोटात भरणे वेगळे. दुसरे काम ‘टाइम’ने कसे केले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण तीच पद्धत आज आपल्याकडच्या प्रत्येक चॅनेलवर चालते.

पहिली गोष्ट, अनेक दशके ‘टाइम’मधल्या मजकुराखाली लेखकाचे नाव नसे. बातमीदार जगभरातून मजकूर पाठवत, न्यूयॉर्कमध्ये बसलेले लेखक तो नव्याने लिहीत, संपादक त्यावर शेवटचा हात फिरवत. वाचकाला वाटे ‘टाइम’ म्हणते आहे, म्हणजे काळच बोलतो आहे! माणूस दिसत नसला की त्याची जात, वर्ग, वर्ण काहीच दिसत नाही. या व्यवस्थेत लिहिणारे बहुतांश पुरुष असत आणि त्यांच्या लिखाणातली तथ्ये तपासणाऱ्या बायका असत. चूक निघाली की जबाबदार ती, लेखक म्हणून मोठा होणार तो. १९७० मध्ये आधी ‘न्यूजवीक’च्या आणि मग ‘टाइम’च्या कंपनीतल्या महिलांनी या भेदभावाविरुद्ध सरकारी यंत्रणेकडे रीतसर तक्रारी केल्या, तेव्हा कुठे ही भिंत हलू लागली. श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेबद्दल केलेले हे निदान न्यूयॉर्कच्या त्या कार्यालयालाही लागू पडत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे भाषा. ‘टाइम’ची वाक्यरचना एवढी उलटसुलट असे की १९३६ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ने तिची यथेच्छ टिंगल केली. पण विनोदाच्या मागे गंभीर गोष्ट होती. मत अग्रलेखात न लिहिता विशेषणात आणि क्रियापदात लिहायचे. आवडत्या माणसाने ‘सांगितले’ आणि नावडत्याने ‘गुरकावले’. १९३० च्या दशकात ‘टाइम’चे परराष्ट्र विभागाचे संपादक लेअर्ड गोल्ड्सबरो होते. मुसोलिनीबद्दल त्यांचा सूर कौतुकाचा असे. फ्रान्सचे समाजवादी पंतप्रधान लिऑं ब्लुम यांच्या नावाआधी मात्र ते ‘ज्यू’ हा शब्द लावत. युरोपात ज्यूंच्या दारावर खुणा होऊ लागल्या होत्या त्या काळात हे चालले होते.

आता आपले वर्तमानपत्र उघडा. रामदास आठवले असोत की आणखी कोणी, नावाआधी ‘दलित नेते’ लागते. ‘ब्राह्मण नेते’, ‘मराठा नेते’ हे शब्द फक्त त्या जातीच्या मेळाव्याच्या बातमीत दिसतात, एरवी ती मंडळी राज्याची नेते असतात. घटना लिहिणारे बाबासाहेबही यांच्या लेखी ‘दलितांचे कैवारी’. वस्तीवर चालून येऊन घरे जाळली तर मथळा येतो ‘दोन गटांत हाणामारी’. आणि त्याविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो की बातमी असते ती फुटलेल्या काचांची. एवढ्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. कोणता शब्द कोणाला लावायचा एवढे ठरले की झाले. लूस-हॅडनच्या शाळेत हा धडा शंभर वर्षांपूर्वी तयार झाला आणि आमच्याकडच्या मालकांना तो कोणी शिकवावाही लागला नाही.

मालकाचा चीन, मालकाचा व्हिएतनाम

हॅडन १९२९ मध्ये वारले. त्यानंतर जवळपास साडेतीन दशके ‘टाइम’ म्हणजे हेन्री लूस. लूस यांचा जन्म १८९८ मध्ये चीनमध्ये झाला. आईवडील प्रेस्बिटेरियन मिशनरी. अमेरिकेने मागासलेल्या जगाला धर्म, लोकशाही आणि व्यापार शिकवायचा आहे, हा विश्वास त्यांना घरातून मिळाला. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी आपल्याच ‘लाइफ’ साप्ताहिकात विसाव्या शतकाला ‘अमेरिकन शतक’ म्हणणारा गाजलेला लेख लिहिला. उद्धारकाची ही भूमिका आपल्याला चांगली ओळखीची आहे. जो उद्धार करायला येतो तो कोणाचे ऐकायला आलेला नसतो.

लूस यांनी चीनसाठी चँग कै-शेक यांना निवडले. १९३७ चे ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून ‘टाइम’ने चँग पती-पत्नींना मिरवले. दुसऱ्या महायुद्धात थिओडोर व्हाइट हा ‘टाइम’चाच बातमीदार चुंगकिंगमध्ये होता. चँग यांची राजवट भ्रष्ट आहे, शेतकरी भुकेने मरत आहेत, हे तो डोळ्यांनी पाहून लिहीत होता. न्यूयॉर्कमध्ये व्हिटकर चेंबर्स परराष्ट्र विभाग सांभाळत होते आणि व्हाइटचा मजकूर छापून येई तेव्हा तो ओळखू येत नसे. १९४६ मध्ये व्हाइट बाहेर पडला. तीन वर्षांनी चँग तैवानला पळाले आणि ‘टाइम’च्या वाचकांना प्रश्न पडला की हे असे अचानक कसे झाले!

हीच गोष्ट १९६३ मध्ये पुन्हा घडली. सायगावमधला ‘टाइम’चा बातमीदार चार्ल्स मोर सांगत होता की अमेरिका हे युद्ध हरत आहे. न्यूयॉर्कच्या संपादकांनी त्याचा मजकूर फिरवला. वर सायगावमधल्या बातमीदारांनाच झोडपणारा लेख छापला. मोरने राजीनामा दिला.

हे दोघे गोरे होते, अमेरिकन होते, ‘टाइम’च्या पगारावर होते. तरी मालकाला न आवडणारे सत्य त्यांना छापता आले नाही. मग नांदेडच्या किंवा नगरच्या वस्तीतले सत्य त्या टेबलावरून सहीसलामत पार होईल, ही आशा आपण कशाच्या जोरावर धरतो?

आधी शिवी, मग यादी

काळ्या माणसांच्या बाबतीत ‘टाइम’ कसे वागले हे तर आंबेडकरी कार्यकर्त्याने तोंडपाठ करावे असे आहे.

फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. मार्चच्या अंकात ‘टाइम’ने त्यांना निरोप दिला तो दलाल, व्यसनी, चोर आणि द्वेष पसरवणारा माणूस म्हणून. तुरुंगात वाचन करून स्वतःला घडवणाऱ्या, मक्केहून परतल्यावर आपली भूमिका नव्याने मांडणाऱ्या माणसाचा हा मृत्युलेख. पुढे १९९८ मध्ये त्याच ‘टाइम’ने माल्कम यांच्या आत्मचरित्राला शतकातल्या दहा आवर्जून वाचाव्या अशा ललितेतर पुस्तकांत बसवले. माल्कम जिवंत असताना धोकादायक होते, मेल्यानंतर तेहतीस वर्षांनी ते वाचनीय झाले.

मार्टिन ल्यूथर किंग यांना ‘टाइम’ने १९६३ चे ‘मॅन ऑफ द इयर’ केले, हे खरे आहे. आफ्रिकन-अमेरिकन माणसाला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता. पण ४ एप्रिल १९६७ रोजी किंग न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले. वर्णभेद, गरिबी आणि युद्ध यांची एकच साखळी आहे असे त्यांनी सांगितले. लगेच लूस कंपनीच्याच ‘लाइफ’ने ते भाषण म्हणजे रेडिओ हनोईचा मजकूर वाटतो अशी संभावना केली. बसमध्ये शेजारी बसू द्या म्हणणारा किंग चालतो. बस कोणाच्या मालकीची आहे असे विचारणारा किंग चालत नाही. आपल्याकडेही ‘समरसता’वाल्यांना घटनेचे शिल्पकार बाबासाहेब चालतात, ‘रिडल्स’ लिहिणारे बाबासाहेब चालत नाहीत. माप तेच आहे.

जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन यांच्या अटकेनंतरचा पोलिसांनी काढलेला फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ दोघांच्या मुखपृष्ठावर आला. विक्रीच्या टपरीवर दोन्ही अंक शेजारी शेजारी लागले, तेव्हा लोकांना दिसले की ‘टाइम’ने सिम्पसन यांचा चेहरा मुद्दाम जास्त काळा केला आहे. बोंब झाल्यावर वर्णद्वेषाचा हेतू नव्हता असा खुलासा संपादकांनी केला. आम्ही म्हणतो, हेतू नसेलही. पण गुन्हेगार दाखवायचा तर चित्रकाराचा हात आपोआप काळ्या रंगाकडे जातो, हाच तर मुद्दा आहे! हेतूशिवाय चालणारा भेदभाव ही व्यवस्थेची सर्वांत पक्की खूण असते.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. १९६७ च्या दंगलींनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये स्पष्ट लिहिले की अमेरिकेतली वृत्तपत्रे गोऱ्या माणसाच्या जगातून बाहेर बघतात आणि काळ्या पत्रकारांना नोकरी देण्यात ती लाजिरवाणी मागे आहेत. आपल्याकडचे चित्र याहून वाईट आहे. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी भारतीय माध्यमांचा अभ्यास केला. वृत्तसंस्थांच्या नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. त्यांतल्या १०६ जागांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता.

एका आईने उघडी ठेवलेली शवपेटी

मग उपाय काय? तोही अमेरिकेतच सापडतो, पण ‘टाइम’च्या इमारतीत नाही.

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी ठार मारून नदीत फेकले. त्याची आई मेमी टिल हिने शवपेटी उघडी ठेवली. माझ्या लेकराचे काय केले ते सगळ्यांना बघू द्या, ही तिची भूमिका होती. तो विद्रूप झालेला चेहरा छापला ‘जेट’ने. ‘जेट’ हेही अमेरिकेतले बातम्यांचे साप्ताहिकच, पण मालक काळा, जॉन जॉन्सन. संपादक काळे, वाचक काळे. खिशात मावेल एवढा तो छोटा अंक केशकर्तनालयांत, चर्चमध्ये, घराघरांत हातोहात फिरला. सर्व गोऱ्या ज्यूरींनी आरोपींना सोडून दिले. पण त्या फोटोने एक पिढी उभी केली आणि तीच पिढी पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत उतरली.

२०१६ मध्ये ‘टाइम’ने जगावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या शंभर छायाचित्रांत हा फोटो घेतला. साठ वर्षांनी! ‘टाइम’च्या यादीमुळे तो फोटो मोठा झाला नाही. फोटो मोठा होता म्हणून ‘टाइम’ला त्याच्याकडे यावे लागले.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले. मोठ्या माध्यमांना जाग यायला महिना लागला. तोवर फोटो आणि अहवाल पोहोचवले ते आपल्या कार्यकर्त्यांनी. हाताने, झेरॉक्सवर, ईमेलवर. आपल्याकडे ‘जेट’सारखे खपाचे साप्ताहिक असते तर तो महिना वाया गेला असता का?

आणि इथेच दुसरा धडाही घ्यावा लागेल. ‘जेट’ आणि ‘एबनी’ काढणारी जॉन्सन कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. काळ्या अमेरिकेचा लक्षावधी फोटोंचा ठेवा तीन कोटी डॉलरना विकला गेला. तो काही संस्थांनी मिळून घेतला म्हणून वाचला, नाहीतर कोणा धनिकाच्या तिजोरीत गेला असता. त्याच्या आदल्याच वर्षी ‘टाइम’ १९ कोटी डॉलरना विकले गेले होते, मार्क बेनिऑफ या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकाला. नुसते वृत्तपत्र काढून भागत नाही, ते टिकवावे लागते आणि त्याचा संग्रह जपावा लागतो.

काळाराम आणि मुखपृष्ठ

भारताकडे ‘टाइम’ने कसे पाहिले हे एका महिन्याच्या हिशेबावरून समजते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष देवळाच्या दारांशी उभे राहिले आणि तो लढा पुढे काही वर्षे चालला. १२ मार्चला गांधी दांडीला निघाले. ३१ मार्चच्या ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर गांधी होते आणि त्या वर्षाचे ‘मॅन ऑफ द इयर’ही गांधीच. त्याच १९३० च्या नोव्हेंबरात बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा प्रश्न जगापुढे मांडत होते. मिठावरचा कर जगाला कळला. पाण्यावरचा आणि देवळावरचा बहिष्कार मुखपृष्ठापर्यंत पोहोचला नाही.

हे का होते हे बाबासाहेबांनी १९४५ मध्ये ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात परकीयांना उद्देशून लिहिलेल्या प्रकरणात मांडले आहे. अस्पृश्यांकडे स्वतःची वृत्तपत्रे नाहीत, काँग्रेसची वृत्तपत्रे त्यांना बंद आहेत आणि परदेशात बातमी पाठवणाऱ्या वृत्तसंस्थेत मद्रासी ब्राह्मणांचा भरणा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे न्यूयॉर्कच्या टेबलावर बातमी पोहोचण्याआधीच ती एकदा गाळली जात होती. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेत पत्र लिहिले ते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना. संयुक्त राष्ट्रांपुढे काळ्या लोकांनी मांडलेल्या गाऱ्हाण्याची प्रत त्यांना हवी होती. हे ड्यू बॉइस म्हणजे ‘द क्रायसिस’ या काळ्यांच्या मासिकाचे संस्थापक-संपादक. अमेरिकेत नाते कोणाशी जोडायचे हे बाबासाहेबांना नेमके कळत होते. दलित पँथरच्या तरुणांनी १९७२ मध्ये नाव घेतले तेही ब्लॅक पँथरचे.

‘पण आता ‘टाइम’ बदलले आहे ना?’

आमचे काही मित्र म्हणतील, तुम्ही जुने उकरून काढता. ‘टाइम’ने १९७३ मध्ये निक्सन यांचा राजीनामा मागितला, २०१९ मध्ये मोदींना भारताच्या फुटीचे सूत्रधार म्हणणारे मुखपृष्ठ छापले, ‘मॅन ऑफ द इयर’चे ‘पर्सन ऑफ द इयर’ केले. हे सर्व खरे आहे आणि त्यातले चांगले आम्ही नाकारत नाही. व्हाइट आणि मोर यांच्यासारखे प्रामाणिक पत्रकार त्याच घरात निपजले, हेही खरे.

पण २०१९ ची गोष्ट पूर्ण सांगा. ते मुखपृष्ठ मे महिन्यातले. निकाल लागल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस ‘टाइम’च्या संकेतस्थळावर मोदींनी देशाला कसे एकत्र आणले हे सांगणारा लेख आला. आपल्यातल्यांनी पहिला शेअर केला, त्यांच्यातल्यांनी दुसरा. दुकान एकच, गिऱ्हाईक दोन. ज्या पाटीखाली दोन्ही माल मिळतो तिचा शिक्का आपल्या लढ्याला पुरावा म्हणून कसा चालेल? शिवाय ही ‘माणूस’ निवडण्याची प्रथाही बघा. १९३८ साठी हिटलर, १९३९ आणि १९४२ साठी स्टालिन. ‘टाइम’ म्हणते ही निवड म्हणजे सन्मान नव्हे, प्रभावाची नोंद आहे. ठीक. मग २००१ मध्ये लादेनऐवजी न्यूयॉर्कचे महापौर जुलियानी कसे आले? आणि सन्मान नसेल तर आपण पेढे कशाचे वाटतो?

दुसरा आक्षेप असा की जगाचे लक्ष वेधले की सरकारवर दबाव येतो, कार्यकर्त्याचा जीव वाचतो. हा मुद्दा वजनदार आहे. परदेशी पत्रकार आला तर त्याच्याशी जरूर बोला, कागद द्या, वस्ती दाखवा. माध्यम हे हत्यार म्हणून वापरणे यात कमीपणा नाही. बाबासाहेबांनीही ते केले. आमचे म्हणणे एवढेच, की हत्यार वापरायचे असते, त्याला हार घालायचा नसतो.

आपल्या हातातले काम

मित्रांनो, बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ बंद पडले म्हणून हात टेकले नाहीत. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. एक बंद पडले की दुसरे. बॅरिस्टर झालेला माणूस अंकाचे रकानेच्या रकाने स्वतः लिहीत होता. ‘टाइम’मध्ये नाव येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली नाही.

आपण काय करू शकतो? आम्ही तालुक्यातल्या वस्त्यांवर अभ्यासवर्ग घेतो, तिथे आधी एक साधे काम सुरू करतो. एका घटनेच्या चार बातम्या शेजारी ठेवायच्या आणि कोणाला कोणते क्रियापद लावले, कोणाची जात लिहिली, कोणाची लपवली हे लाल पेनाने खुणवायचे. दोन तासांत दहावीच्या मुलालाही मालक दिसू लागतो. दुसरे काम, आपल्या नियतकालिकांची वर्गणी भरा. जयंतीच्या डीजेला हजारो रुपये जमतात आणि चळवळीच्या मासिकाला वर्षाचे तीनशे जमत नाहीत, हे आपल्याला शोभत नाही. तिसरे, घराघरांत पडलेले जुने अंक, पत्रके, मोर्चांचे फोटो, जलशांच्या वह्या गोळा करा, स्कॅन करा आणि तीन ठिकाणी ठेवा. वाळवी लागल्यावर आपला इतिहास कोणत्या लिलावातही सापडणार नाही. चौथे, लिहा. आणि खाली स्वतःचे नाव घाला, म्हणजे चुकले तर कोण चुकले हेही वाचकाला कळेल.

स्वतःचा दिवा स्वतः व्हा ही तथागतांची शिकवण विहारात म्हणायची आणि उजेडाचे प्रमाणपत्र मात्र न्यूयॉर्कहून मागवायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. भाई चंद्रशेखर यांचे नाव यादीत आले, चांगले झाले. उद्या येणार नाही, तेव्हाही ते तेवढेच मोठे असतील. पण त्यांच्या लढ्याची बातमी पहिल्या दिवशी, आपल्या शब्दांत, आपल्या अंकात छापून आली की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘टाइम’ देणार नाही. ते आपल्यालाच द्यायचे आहे.

जय भीम!